बसलेले पाटे : जुन्या पिकअप वाहनाच्या मागील सस्पेन्शनची अल्पखर्चिक दुरुस्ती

प्रास्ताविक

जुन्नर तालुक्यातील नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामाच्या दिवसांत उभ्या असलेल्या पिकअप गाड्यांकडे मागच्या बाजूने पाहिले, तर त्यांतील अनेकींचा मागील भाग रिकाम्या अवस्थेतही खाली झुकलेला दिसतो. गाडीचे तोंड वर आणि पाठ खाली. चालकांच्या भाषेत अशा गाडीचे ‘पाटे बसले’. शेतमाल वाहणाऱ्या अल्पभूधारकाच्या दृष्टीने ही गाडी म्हणजे त्याच्या उत्पन्नाचा एकमेव दुवा असतो. पाट्यांचा पूर्ण नवा संच घेण्याइतके पैसे हाताशी नसतात आणि कमी खर्चात ‘गाडी उचलून देणारे’ उपाय पावलोपावली सुचवले जातात. त्यांतील कोणता उपाय यंत्रशास्त्राच्या कसोटीवर टिकतो आणि कोणता केवळ डोळ्यांचे समाधान करतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक वाटतो. सस्पेन्शनला ‘निलंबन’ असा प्रतिशब्द कोशांत सापडतो. परंतु महाविद्यालयीन अध्यापकवर्गाच्या मनात या शब्दाने वेगळीच धास्ती निर्माण होत असल्याने येथे कारखान्यात रूढ असलेलेच शब्द योजिले आहेत.

पाटा बसतो म्हणजे नेमके काय होते?

पिकअपच्या मागील चाकांवर सामान्यतः पोलादी पट्ट्यांचा, म्हणजेच पाट्यांचा, संच असतो. सर्वांत लांब पाट्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात. एक डोळा चासीला पिनने जोडलेला असतो, तर दुसरा शॅकल नावाच्या झुलत्या कडीला. मधोमध यू-बोल्टने हा संच मागील हाउसिंगवर आवळलेला असतो. भार आला की कमान सपाट होते, भार उतरला की पूर्ववत होते.

पाटे बसले की ते ‘नरम झाले’ असे सर्रास म्हटले जाते. सर्व गैरसमजांचे मूळ येथे आहे. पाट्याचा ताठपणा त्याची लांबी, रुंदी, जाडी, पाट्यांची संख्या आणि पोलादाचा यंग गुणांक यांवर अवलंबून असतो. यांपैकी कोणतीही गोष्ट वापराने फारशी बदलत नाही. यंग गुणांक तर दहा वर्षांपूर्वी होता तितकाच, सुमारे २.०५ लाख न्यूटन प्रति चौरस मिमी, राहतो. बदलते ती कमान. वारंवार जादा भार आणि खड्ड्यांतील धक्के यांमुळे पाट्याच्या पृष्ठभागाजवळील धातू स्थितिस्थापक मर्यादा किंचित ओलांडतो, आणि ही कायमची विकृती थोडी थोडी साठत जाते. म्हणजे बसलेला पाटा पूर्वीइतकाच ताठ असतो. केवळ त्याची सुरुवातीची उंची हरवलेली असते. शंभर किलो वजन टाकल्यावर तो पूर्वी जितका दबत असे, तितकाच आजही दबतो.

हा भेद मान्य केला की ‘ताठपणा वाढवा’ हा उपाय मूळ रोगावरचा नाही, हे ओघानेच येते.

शॉक अ‍ॅब्झॉर्बरविषयीही येथेच सांगणे योग्य होईल. सर्वसाधारण शॉक अ‍ॅब्झॉर्बर गाडीचा भार पेलत नाही; तो केवळ हेलकावे शमवतो. बसलेली गाडी उचलण्यासाठी नवे शॉक अ‍ॅब्झॉर्बर बसवणे हा खर्च वाया जातो.

आधी मोजमाप

दुरुस्तीच्या खर्चात सर्वांत स्वस्त साधन म्हणजे मोजपट्टी. गाडी रिकामी करून सपाट जागेवर उभी करावी, टायरमधील हवा सारखी करावी आणि चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या खालच्या कडेपर्यंतचे उभे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. नंतर वजनकाट्यावर तोलून घेतलेला, गाडीच्या परवानगीतला भार टाकून तेच अंतर पुन्हा मोजावे. त्याच मॉडेलच्या सुस्थितीतील गाडीशी ही मापे ताडून पाहिली असता पुष्कळ उलगडा होतो. दोन्ही गाड्या सारख्याच दबत असतील, पण आपली गाडी आरंभीच खाली असेल, तर केवळ कमान गेलेली आहे. आपली गाडी जास्त दबत असेल, तर एखादा पाटा तुटलेला असण्याची शक्यता अधिक. एकच बाजू खाली असेल, तर प्रथम त्या बाजूचा पाटा, शॅकल आणि सेंटर बोल्ट तपासावा.

तुटलेला पाटा चिखल आणि गंजाखाली सहज लपतो. तारेच्या ब्रशने संच साफ केल्याशिवाय निदान करू नये. डोळ्यांतील रबरी बुश झिजून पिन एका बाजूला घासू लागली असेल, तरी गाडी काही मिलिमीटर खाली येते आणि मागून खडखड ऐकू येते. पूर्ण संचाच्या तुलनेत बुशचा खर्च अत्यल्प असल्याने दुरुस्तीचा आरंभ तेथूनच करणे शहाणपणाचे ठरते. बुश आणि पिनचे नट मात्र गाडी जॅकवर लटकत असताना अंतिम आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकून गाडीचा भार पाट्यांवर आल्यावरच आवळावेत. अन्यथा रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटते.

एक पाटा वाढवला तर?

सर्वाधिक लोकप्रिय उपाय हाच, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वाधिक फसवाही हाच. पदार्थबलशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना परिचित असलेले सूत्र येथे उपयोगी पडते. आकडेमोडीच्या सोयीसाठी असे गृहीत धरू की, संचाची लांबी ११०० मिमी, पाट्याची रुंदी ६० मिमी, जाडी ८ मिमी आणि पाट्यांची संख्या ५ आहे. अशा संचाचा ताठपणा सुमारे ६३ न्यूटन प्रति मिमी येतो. एका बाजूच्या संचावर ५०० किलो भार आल्यास तो साधारण ७८ मिमी दबेल, आणि पाट्यांतील प्रतिबल सुमारे ४२० न्यूटन प्रति चौरस मिमी होईल.

आता हा संच ४० मिमी बसला आहे असे समजा. त्यात मूळ कमानीचा, तेवढ्याच जाडीचा एक नवा पाटा घातला. गाडी ४० मिमी वर येईल का? मुळीच नाही. कमान असलेला एक पाटा आणि कमान गेलेले पाच पाटे यांची ओढाताण होऊन रिकाम्या संचाची उंची केवळ ७ मिमीच्या आसपास वाढते. ५०० किलो भाराखाली ती सुमारे २० मिमी वाढते, म्हणजे हरवलेल्या उंचीच्या निम्मी. त्याची किंमत कोण मोजतो? जुने पाटे आता ५८ मिमीच दबतात आणि त्यांच्यातील प्रतिबल ३१५ पर्यंत उतरते. नव्या पाट्याला मात्र ९८ मिमी दबावे लागते आणि त्याचे प्रतिबल ५३० पर्यंत चढते. मूळ रचनेत अभिप्रेत असलेल्यापेक्षा हे सुमारे सव्वापट आहे, आणि तेही गाडी स्थिर उभी असताना. खड्ड्यांची भर त्यावर पडते. म्हणूनच ‘नवीन टाकलेलाच पाटा आधी तुटला’ ही तक्रार वारंवार ऐकू येते. दोष नव्या पाट्याच्या दर्जाचा असेलच असे नाही. एकट्याने सर्वांचा बोजा उचलण्याचा तो परिणाम असतो. (सार्वजनिक संस्थांतही असेच घडते, पण तो विषय वेगळा.)

जाड पाटा घालण्याचा मोह याहून घातक आहे. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८ ऐवजी १० मिमी जाडीचा पाटा जवळजवळ दुप्पट ताठ होतो, तर तेवढ्याच दबण्याने त्यात २५ टक्के अधिक प्रतिबल निर्माण होते.

परवानगीतल्या भाराखालीच गाडी फार दबत असेल, तर हेल्पर पाटा हा तुलनेने सुज्ञ पर्याय होय. हा जवळजवळ सपाट पाटा रिकाम्या गाडीत काम करीत नाही. भार वाढल्यावरच टेकतो आणि मग ताठपणात भर घालतो.

कमान पुन्हा देणे

मूळ रोगावरचा इलाज म्हणजे हरवलेली कमान परत देणे. आपल्याकडे कमान-पाट्याची कामे करणारे कारागीर हे काम पिढ्यानपिढ्या करीत आले आहेत. मात्र ते कोणत्या पद्धतीने केले जाते, यावर सर्व काही अवलंबून असते.

थंड पाटा ऐरणीवर ठोकून कमान देता येते. ती दिसतेही सुरेख. पण पाट्याची कमान वाढवताना त्याची वरची, अंतर्वक्र बाजू दाबली जाते आणि हातोडा थांबल्यावर त्याच बाजूवर शेष ताण शिल्लक राहतो. भार आल्यावरही ताण येतो तो याच बाजूवर. म्हणजे पाटा कामाला लागण्यापूर्वीच अर्धा ओझ्याखाली असतो. कारखान्यात याच्या नेमके उलट करतात: नव्या पाट्याला भाराच्या दिशेने मर्यादेपलीकडे एकदा दाबून घेतात, जेणेकरून वरच्या बाजूवर संपीडन शिल्लक राहील. त्याच हेतूने त्या बाजूवर पोलादी छर्ऱ्यांचा माराही करतात. थंड ठोकलेला पाटा काही महिन्यांत पुन्हा का बसतो, याचे उत्तर यात आहे. हातोड्याच्या वणांपासून तडे सुरू होतात, हे आणखी निराळे.

पाटा भट्टीत तापवून कमान द्यावी, मग तेलात विझवून त्याला ‘पाणी द्यावे’ आणि शेवटी साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला टेम्परिंग करावे, ही योग्य पद्धती. तापवून नुसता हवेत थंड केलेला पाटा मऊ राहतो. न केलेले काम याहून बरे. गिऱ्हाइकाने दर विचारण्यापूर्वी ‘पाणी कशात देता, नंतर परत तापवता का?’ असे विचारावे. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास पैसे साठवून दोन्ही बाजूंचे नवे संच घ्यावेत. एकाच बाजूचे काम करू नये. गाडी कललेली राहते.

उंची, ब्रेक आणि कायदा

लांब शॅकल बसवून किंवा पाटा आणि हाउसिंग यांच्यामध्ये ठोकळा घालून गाडी तासाभरात उचलता येते. ५० मिमी लांब शॅकलने साधारण २५ मिमी उंची मिळते. मात्र शॅकलमुळे हाउसिंगचा कोन बदलून प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस लवकर झिजू शकतात. ठोकळ्यामुळे ब्रेक लावताना पाट्यांवर पडणारा पीळ वाढतो.

याहून गंभीर बाब ब्रेकची आहे. अनेक पिकअपमध्ये चासी व हाउसिंग यांमधील अंतर पाहून मागील ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा झडपेचा जोड असतो. त्याला एलएसपीव्ही म्हणतात. चासी खाली आली की गाडी भरलेली आहे असे ही झडप समजते. पाटे बसलेल्या रिकाम्या गाडीत त्यामुळे मागे प्रमाणाबाहेर दाब जातो आणि पावसाळ्यात माळशेजसारख्या घाटात मागील चाके जाम होऊन गाडी फिरू शकते. उलट, शॅकल लावून उचललेली गाडी भरलेली असली तरी झडपेला ती हलकी वाटते. मागील ब्रेक कमी पडतात आणि उतारावर सारा भार पुढच्या ब्रेकवर येऊन ते तापतात. मागील उंचीत कोणताही बदल केल्यावर या झडपेचा जोड निर्मात्याच्या मापानुसार पुन्हा लावून घेणे अनिवार्य आहे. हे काम कोणत्याही बिलात क्वचितच आढळते.

पाटे मजबूत केले म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही. ती ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासी या सर्वांवर ठरलेली असते आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेली असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या सुधारणेनंतर कलम १९४ अन्वये जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक अतिरिक्त टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. अडचण अशी की शेतकरी किलोत मोजत नाही, क्रेटमध्ये मोजतो. २० किलोच्या ७५ क्रेटचे दीड टन होतात आणि १०० क्रेटचे दोन टन. सव्वा ते दीड टनाच्या गाडीत ‘आणखी पंचवीस बसतील’ हे वाक्य अर्ध्या टनाचे असते. नवे पाटे याच वाक्याखाली पुन्हा बसतात.

दुरुस्तीनंतर काही शे किलोमीटर गाडी चालल्यावर यू-बोल्ट निर्मात्याने दिलेल्या टॉर्कने पुन्हा आवळावेत, हेडलाइटचा झोत तपासावा आणि रिकाम्या गाडीची उंची परत मोजून हौद्याच्या आतल्या बाजूस रंगाने तारखेसह लिहून ठेवावी. पुढील हंगामाच्या अखेरीस तेच माप घेतले की किती मिलिमीटर गेले, हे कळेल.