प्रत्येकाच्या वाट्याला एक धाव

मुलांच्या क्रीडा स्पर्धा म्हटल्या, की आपल्या डोळ्यांसमोर सामना उभा राहतो. दोन संघ, एक करंडक आणि टाळ्या. पण सामन्यात खेळतात किती मुले? संघात निवड झालेली तेवढीच. बाकीची रेषेबाहेर बसून चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळतात. क्रीडाकौशल्य चाचणीचे तसे नाही. इथे संघ नसतो. पळा, उडी मारा, चेंडू फेका. प्रत्येकाला पाळी मिळते आणि प्रत्येकाचा आकडा वहीत उतरतो.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने १९८५ साली आठ ते चौदा वर्षांच्या मुलांमधील गुण हेरण्याची योजना सुरू केली. या प्राधिकरणाचे केंद्र आपल्याच शहरात, विद्यापीठाच्या परिसरात आहे. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतही मुले अशाच चाचण्यांतून निवडली जातात.

या चाचण्या पाहा किती साध्या आहेत. ३० मीटर धावण्यातून वेग कळतो. १० मीटरवरच्या दोन रेषांमध्ये सहा वेळा ये-जा केली, की चपळाई कळते. जागेवरून मारलेल्या उडीतून पायांतली ताकद, एक किलोचा मेडिसिन बॉल फेकण्यातून खांद्याची, पुढे वाकण्यातून लवचिकता आणि ८०० मीटर धावण्यातून दम. आपल्या जुन्या खेळांत याहून वेगळे काय होते? लंगडीत तोल होता, लगोरीत नेम होता, खो-खोत क्षणात दिशा बदलण्याची कला होती. फक्त तिथे कोणी मोजत नव्हते.

या सगळ्याला खर्च किती? फक्की, मोजपट्टी, शिट्टी आणि घड्याळ. घड्याळ तर आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्येच असते. म्हणूनच अशी स्पर्धा मोफत घेता येते, आणि ती मोफतच असायला हवी. क्रिकेटच्या शिबिराची फी आणि किटचा खर्च ऐकूनच अनेक आईबाप मुलाचा हात धरून माघारी फिरतात. शहागंजातल्या हातगाडीवाल्याचे पोर किंवा वाळूजच्या कामगाराची लेक किती वेगाने धावते, हे मग कोणालाच कळत नाही. त्या मुलांनाही नाही.

मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. अनोळखी क्लबमध्ये लेकीला पाठवायला कचरणारे घर, गल्लीजवळच्या शाळेच्या मैदानावर, ओळखीच्या बाईंच्या देखरेखीखाली तिला सहज पाठवते. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचे सुवर्णपदक मिळवले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला लागते काय? दोन खांब आणि मोकळी जमीन. आणि नेमकी ती मोकळी जमीनच आता दुर्मीळ होत चालली आहे. शिक्षणहक्क कायद्याने २००९ साली शाळेला मैदान असावे असे सांगितले. पण कागदावरच्या मैदानात धावता येत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. एकाच वयोगटात जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरमधल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठे असते. दहाव्या वर्षी हा फरक फार मोठा. ते उंच असते, जास्त लांब उडी मारते आणि आपण त्यालाच गुणी ठरवतो. अनेक देशांतल्या अभ्यासकांना निवडलेल्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले जास्त आढळली आहेत. म्हणून चाचणीचा आकडा म्हणजे मुलाचे आजचे माप, त्याची पत्रिका नव्हे.

त्यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक मुलाला त्याच्या आकड्यांचे एक कार्ड द्यावे आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे. पहिला कोण, हा प्रश्न थोडा मागे ठेवून, मागच्यापेक्षा किती पुढे, हे विचारावे. मग शेवटी आलेल्या मुलालाही घरी जाऊन सांगण्यासारखे काही असते.

आमखाससारखी मैदाने आपण सभांसाठी राखतो, प्रदर्शनांसाठी देतो. वर्षातले दोन रविवार ती मुलांना द्यावीत. शिट्टी वाजवायला गावात निवृत्त क्रीडाशिक्षक पुष्कळ आहेत. त्यांना कोणीतरी बोलावण्याचाच काय तो अवकाश.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)