बंडाळीतलं शहर स्थानिकांच्या हाती कसं जातं?

बसरा म्हटलं की आपल्याला नथीतले मोती आठवतात. दक्षिण इराकमधलं हे बंदर ब्रिटिश फौजेनं एप्रिल २००३ मध्ये घेतलं आणि १६ डिसेंबर २००७ रोजी तिथली सुरक्षा इराकी सरकारकडे सोपवली. मधल्या पायऱ्या आपण क्रमानं पाहू.

पहिली पायरी भरतीची. सद्दामची राजवट कोसळली तसे जुने पोलीस पांगले. रस्त्यावर माणसं तर लगेच हवी होती, म्हणून वर्दी, पगार आणि बंदूक देऊन नवे शिपाई घेतले गेले. हा शिपाई हुकूम कोणाचा मानतो, याची चौकशी मात्र राहून गेली. पुष्कळजण मिलिशियांचे, म्हणजे राजकीय गटांच्या खासगी सशस्त्र टोळ्यांचे होते. मे २००५ मध्ये बसऱ्याच्या पोलीसप्रमुखानंच उघड सांगितलं, की तीन-चतुर्थांश दलावर आपला ताबा नाही.

म्हणजे काय, ते जमीयत ठाण्यावरून कळतं. इथे गंभीर गुन्ह्यांचा तपास करणारं पथक बसे. सप्टेंबर २००५ मध्ये पोलिसांनी पकडलेल्या दोन ब्रिटिश सैनिकांना सोडवण्यासाठी या ठाण्याची भिंत चिलखती गाड्यांनी पाडावी लागली. २००६ च्या नाताळात ब्रिटिशांनी पुन्हा धाड घातली, तेव्हा आत १२७ कैदी कोंडलेले सापडले. कित्येकांचे हातपाय ठेचलेले होते, अंगावर चटके होते. शहर ज्यांच्या हवाली करायचं, त्यांच्यातलेच हे पोलीस.

दुसरी पायरी सोबत काम करण्याची. सप्टेंबर २००६ पासून ब्रिटिश आणि इराकी तुकड्या एकेका वस्तीत जाऊन ठाणी तपासत, शाळांची डागडुजी करत.

तिसरी पायरी परीक्षेची. प्रांत सोपवण्याचे निकष चार: धोका किती, स्थानिक दलांची तयारी किती, प्रशासन चालतं का, आणि वेळ पडली तर परकी फौज मदतीला पोहोचेल का. गफलत होते ती दुसऱ्या निकषात. शिपाई, गाड्या, बंदुका मोजता येतात. निष्ठेला रकाना नसतो. मुथन्ना, धी कार आणि मैसान हे शेजारचे प्रांत आधी सोपवून झाले होते, त्यामुळे बसऱ्याच्या वेळी थांबणं आणखी अवघड झालं असणार.

चौथी पायरी शहरातून निघण्याची. सप्टेंबर २००७ मध्ये सुमारे ५०० सैनिक बसरा पॅलेसचा तळ सोडून विमानतळावर गेले. तिथून लक्ष ठेवायचं आणि बोलावलं तरच यायचं, अशी व्यवस्था होती. त्याच सुमारास माहदी आर्मी या मिलिशियाशी समझोता झाला: तिचे कैदी सुटतील, ब्रिटिशांवरचे हल्ले थांबतील. सैनिकांचे जीव वाचले, ही लहान गोष्ट नाही. पण त्याची किंमत शहरानं मोजली. पेहराव ‘धर्माला धरून’ नाही एवढ्यावरून काही महिन्यांत चाळीसएक बायकांचे खून झाल्याचं २००७ च्या अखेरीस नव्या पोलीसप्रमुखानं सांगितलं. सुरक्षा सोपवण्याच्या सह्यांचा समारंभ झाला तो याच दिवसांत.

समारंभानंतरची पायरी कागदावर नसते. मार्च २००८ मध्ये पंतप्रधान नुरी अल-मलिकी यांनी मिलिशियांवर फौज धाडली. लढाईत हजाराच्या आसपास सैनिक आणि पोलिसांनी ऐन वेळी हत्यार टाकलं किंवा लढायला नकार दिला. बाहेरून कुमक आणि अमेरिकी-ब्रिटिश मदत आली, त्यानंतरच सरकारचा अंमल बसला. पळालेल्यांना बडतर्फ केलं गेलं. पहिल्या पायरीवर राहून गेलेली चौकशी शेवटी लढाईनं केली.