नवी शाखा आणि गूगलवरील पत्ता

पुण्याच्या सदाशिव पेठेत वर्षानुवर्षे चिकित्सालय चालविणारे वैद्य हिंजवडीत शाखा काढतात, तेव्हा त्यांचा नावलौकिक आपोआप तेथे पोहोचत नाही. तेथील रुग्ण मोबाईलवर ‘जवळचे पंचकर्म केंद्र’ शोधतो. अशा शोधातील क्रम गूगल प्रामुख्याने तीन निकषांवर ठरवते : विचारलेल्या सेवेशी सुसंगती, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि प्रसिद्धी. त्यामुळे पेठेतील पत्ता हिंजवडीत सहसा मागे पडतो.

म्हणून शाखा सुरू होण्याआधीच परिचिताच्या जागेचा पत्ता नोंदविण्याचा मोह होतो. त्यापासून आम्ही वैद्यबंधू-भगिनींना सावध करू इच्छितो. जाहीर वेळेत जेथे कोणी उपस्थित नसते, असा पत्ता गूगलच्या नियमांत बसत नाही. नोंद स्थगित होऊ शकते. त्याहून मोठी हानी ही की, दुखरे गुडघे घेऊन आलेला रुग्ण बंद दारावरून परततो व पुन्हा येत नाही.

शाखेत आठवड्यातून दोनच दिवस बसत असल्यास तेच दिवस व वेळा नोंदवाव्यात. प्रत्येक शाखेची नोंद स्वतंत्र असावी. नाव फलकावरचेच लिहावे. त्याला ‘सर्वोत्तम’ अशी विशेषणे वा रोगांची नावे जोडू नयेत. रुग्णांकडे अभिप्राय अवश्य मागावा, परंतु त्यासाठी सवलत देऊ नये. उत्तर देताना त्यांचा आजार उघड करू नये. मधुमेह बरा करणाऱ्या औषधाची जाहिरात तर आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या केंद्रीय कायद्यानेच निषिद्ध आहे.

नव्या भागात आधी नियमित बसावे, मग नोंद करावी, हाच क्रम आम्हांस योग्य वाटतो.