घरची विडी आणि कार्डावरचे नाव

घरबसल्या चार पैसे मिळाले तर कोणत्या माउलीला नको असतात? सोलापुरात विड्या वळण्याचे काम घरोघर चालते. कारखान्यातून पाने, तंबाखू, दोरा आणायचा, चूल आणि लेकरे सांभाळून विड्या वळायच्या आणि हजारावर मोजून द्यायच्या. तान्ह्याला पाजता येते, म्हाताऱ्या सासूकडे लक्ष राहते. ही सोय खरीच.

पण घरच्या कामाला सुटीचा भोंगा नसतो. रात्री भाकऱ्या आटोपल्या की सूप पुन्हा मांडीवर. तंबाखूची धूळ पोराबाळांच्याही नाकात जाते. खरी मेख मात्र पानांची. पाने वजनावर मिळतात. फाटकी, किडकी निघाली तर हजार भरत नाहीत, मग पदरचे पैसे घालून पाने आणावी लागतात. वर ‘छाट’ म्हणून काढलेल्या विड्यांची मजुरी बुडते. (त्या विड्या पुढे कुठे जातात, हे एकदा विचारून पाहावे!)

घरी वळणारी बाई आमची कामगारच नव्हे, असे कारखानदार म्हणत. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने तिला कामगार मानले. भविष्यनिर्वाह निधीही तिला लागू आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली दिला. मात्र हा हक्क नोंदीवर चालतो. विड्या वळल्या सुनेने आणि कार्डावर नाव सासूचे, तर सुनेची वर्षे कुठेच दिसत नाहीत. तेव्हा जिचे हात, तिच्याच नावाचे कार्ड करून घ्यावे, आणि रोजचा आकडा डोळ्यांदेखत लिहून घेतल्याशिवाय कारखान्याची पायरी उतरू नये.