माउंटन बाइकचा हायड्रॉलिक ब्रेक: आधी पॅड, मग रोटर, मग पिस्टन

आजचा भाग माउंटन बाइकवाल्यांसाठी. विषय आहे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. नवा घ्यायचा तर कुठला, आणि आहे त्यातच काय काय बदलता येतं? ज्यांना वाचायला सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. आज आकडे जरा जास्त आहेत, त्यामुळे दुकानात जाताना हे पान मोबाइलवर उघडं ठेवा.

या विषयावर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच: "फोर पिस्टन टाकू का?" उत्तर कदाचित 'हो' असेल. पण बऱ्याचदा त्याच्या कितीतरी कमी खर्चात काम होतं. फक्त आपला ब्रेक नेमका कुठे कमी पडतोय, हे आधी कळायला हवं.

ब्रेक करतो काय?

शाळेत पास्कलचा नियम होता, आठवतोय? बंद जागेतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. लिव्हर दाबला की आतला छोटा पिस्टन तेल ढकलतो, ते होजमधून कॅलिपरपर्यंत दाब नेतं, आणि तिथले मोठे पिस्टन पॅडना रोटरवर दाबतात. छोट्या पिस्टनकडून मोठ्याकडे जाताना जोर वाढतो, म्हणून एका बोटात सायकल थांबते.

आता दुसरी बाजू बघा. सायकल थांबते तेव्हा तिचा वेग जातो कुठे? उष्णतेत. समजा तुम्ही, सायकल आणि पाठीवरची बॅग मिळून १०० किलो वजन आहे आणि तुम्ही ५०० मीटर उंची उतरलात. हिशोब केला तर ही साधारण ४९० किलोज्यूल ऊर्जा होते. एवढ्यात दीड लिटर पाणी उकळतं! त्यातला काही वाटा हवा आणि टायर घेतात, पण उरलेला सगळा दोन पातळ पत्र्यांनी आणि चार छोट्या पॅडनी पचवायचा असतो. सिंहगड उतरताना खाली पोचेपर्यंत रोटरला हात का लावायचा नाही, ते यावरून कळेल.

म्हणजे ब्रेकचा प्रश्न दोन भागांत येतो: जोर किती आणि उष्णता किती वेळ सोसणार. चांगल्या स्थितीतला साधा टू पिस्टन ब्रेकही सपाट रस्त्यावर चाक लॉक करतो. खरी परीक्षा असते दहा मिनिटं सलग उतरल्यावर.

'ब्रेक गेला' म्हणजे नक्की काय झालं?

तीन वेगळ्या गोष्टींना आपण हे एकच नाव देतो.

एक: लिव्हर कडक लागतोय, पण सायकल थांबत नाही. पॅड प्रमाणाबाहेर तापलेत किंवा त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालाय.

दोन: लिव्हर स्पंजासारखा मऊ होऊन हँडलला टेकतोय. तेलात हवा आहे किंवा तेल उकळून वाफ झालीय. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे तुमचा सगळा जोर वाफ दाबण्यातच जातो. घाटात सगळ्यात धोक्याची अवस्था हीच.

तीन: उतार सुरू व्हायच्या आधीपासूनच ब्रेक ढिला आणि किंचाळतोय. बहुतेक वेळा पॅडला तेल लागलेलं असतं. चेनवर मारलेला स्प्रे उडून रोटरवर गेला की हमखास हेच होतं.

पहिल्याचा इलाज पॅड आणि रोटर, दुसऱ्याचा ब्लीडिंग, तिसऱ्याचा सफाई आणि नवे पॅड. यातल्या एकासाठीही लगेच फोर पिस्टन लागत नाही.

पहिला बदल: पॅड

रेझिन म्हणजे ऑरगॅनिक पॅड शांत असतात, थंड असतानाही लगेच पकडतात, पण लवकर झिजतात आणि जास्त तापले की दमतात. सिंटर्ड म्हणजे मेटल पॅड उष्णता जास्त सोसतात आणि चिखलपाण्यात जास्त टिकतात. मात्र आवाज करतात, आणि पूर्ण पकड यायला त्यांना थोडं तापावं लागतं.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर सह्याद्रीत सायकल चालवायची म्हणजे पाणी आणि लाल चिखल. ही बारीक माती पॅडवर पॉलिश पेपरसारखी चालते. पावसाळ्यात नियमित ट्रेल करणाऱ्यांनी मेटल पॅडचा विचार जरूर करावा.

पण थांबा! आधी रोटरवर काय कोरलंय ते वाचा. शिमानोच्या स्वस्त रोटरवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. त्याचा पत्रा मऊ असतो आणि मेटल पॅड तो भराभर खातात. सुरुवातीच्या किमतीतल्या बऱ्याच सायकलींवर असेच रोटर येतात. अशा वेळी पॅड आणि रोटर दोन्ही एकदम बदलायचे. शिमानोचे पॅड ०.५ मिलिमीटर उरले की बदला. ही जाडी फक्त घासणाऱ्या थराची, मागच्या पत्र्याची नाही.

दुसरा बदल: रोटर

पैशाच्या हिशोबात सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. तीच सायकल, तोच कॅलिपर, तेच बोट. १६० मिलिमीटरचा रोटर काढून १८० चा लावला की थांबवण्याचा जोर साधारण १२ टक्के वाढतो. २०३ चा लावला तर साधारण २७ टक्के. शिवाय धातू जास्त, हवा लागणारी जागा जास्त, म्हणून थंडही लवकर होतो.

एकच बदलायचा असेल तर पुढचा बदला. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे जास्तीचं काम पुढचाच ब्रेक करतो. पुढे २०३ आणि मागे १८० ही जोडी म्हणूनच इतकी दिसते.

विकत घेण्याआधी चार गोष्टी तपासा:

१. फोर्क आणि फ्रेमला जास्तीत जास्त किती मोठा रोटर चालतो? ही मर्यादा माहितीपत्रकात असते. ती ओलांडू नका, कारण वाढलेला जोर शेवटी फोर्कच्या पायावर येतो.

२. हब कुठला? सहा बोल्टचा की सेंटरलॉक? दोन्हींचे रोटर वेगळे.

३. अडॅप्टर कुठला? मोठ्या रोटरसाठी कॅलिपर बाहेर सरकवावा लागतो. स्रॅमचा मोठा रोटर २०० चा आणि शिमानोचा २०३ चा. फरक क्षुल्लक वाटतो, पण एकाचा अडॅप्टर दुसऱ्याला लावला तर पॅड रोटरवर नीट बसत नाही.

४. जाडी किती उरलीय? शिमानोचा नवा रोटर १.८ मिलिमीटरचा असतो आणि १.५ ला तो बाद. हा आकडा रोटरवरच कोरलेला असतो. वर्निअर कॅलिपरनं मोजायला एक मिनिट लागतं.

तिसरा बदल: कॅलिपर आणि लिव्हर

आता येऊ फोर पिस्टनकडे. यात पॅड लांब असतात आणि उष्णता जास्त धातूत पसरते. जोर वाढतो आणि उतारावर ब्रेक जास्त वेळ एकसारखा राहतो. शिमानो डिओरमध्ये एम६१०० टू पिस्टन आणि एम६१२० फोर पिस्टन आहे. स्रॅमचा कोड, मॅगुराचा एमटी५ हेही फोर पिस्टनच.

घ्यावा कुणी? वजन जास्त असेल, सामान लादून फिरत असाल, ई-माउंटन बाइक असेल किंवा लांब आणि तीव्र उतार नेहमीचे असतील, त्यांनी जरूर घ्यावा. सपाट ट्रेल आणि रोजच्या कॉलेजच्या फेऱ्या असतील तर चांगला टू पिस्टन आणि १८० चा रोटर भरपूर झाला.

काही हौशी लोक शिमानोचा लिव्हर आणि मॅगुराचा कॅलिपर जोडतात. 'शिगुरा' असं त्याचं नावच पडलंय. दोन्हीकडे मिनरल ऑइल असल्यामुळे ते जमतं. पण अशा जोडणीला वॉरंटीचा आधार गृहीत धरू नका.

तेल: इथे प्रयोग नको

शिमानो, मॅगुरा, टेक्ट्रो मिनरल ऑइल वापरतात. होप आणि स्रॅमचे बरेच ब्रेक डॉट फ्लुइडवर चालतात. स्रॅमचे डीबी८ आणि मॅव्हन मात्र मिनरल ऑइलवर आहेत. त्यामुळे फक्त कंपनीच्या नावावर जाऊ नका, लिव्हरवर काय लिहिलंय ते वाचा. चुकीचं तेल घातलं की आतले रबरी सील खराब होतात आणि ब्रेक कामातून जातो.

डॉट फ्लुइड हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट ५.१ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २६० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावरची किमान मर्यादा १८० अंश. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही, पण आत शिरलेलं पाणी सगळ्यात खाली, म्हणजे तापणाऱ्या कॅलिपरपाशी जाऊन बसतं. म्हणून ब्लीडिंग दोघांनाही लागतं.

फुकटातलं कस्टमायझेशन

लिव्हर हँडलवर थोडा आत सरकवा, म्हणजे एक बोट लिव्हरच्या टोकाशी येईल. टोकाला कमी जोर लागतो. मग लिव्हरचं अंतर, म्हणजे रीच, हाताच्या मापाचं करा. त्यासाठी बहुतेक लिव्हरवर छोटा स्क्रू असतो. उभं राहून चालवताना मनगट सरळ राहील असा कोन ठेवा.

आणखी एक. आपल्याकडे स्कूटरचा पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो. परदेशातून आलेल्या सायकलींवर तो बऱ्याचदा डाव्या हातात असतो. घाबरल्यावर हात सवयीप्रमाणे चालतो, विचारून नाही! तेव्हा दोन्हीकडे पुढचा ब्रेक एकाच हाताला ठेवा. होज बदलून ब्लीड करायचं काम मेकॅनिककडून करून घ्या.

नवे पॅड घातले, पण...

ब्रेक मुरवल्याशिवाय घाटात जायचं नाही. स्रॅमची पद्धत सोपी आहे: मध्यम वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत सुमारे २० वेळा ब्रेक मारा, मग जरा जास्त वेगावरून आणखी १० वेळा. चाक लॉक करायचं नाही आणि पूर्ण थांबायचंही नाही. पॅडचा पातळ थर रोटरवर चढतो आणि खरी पकड तेव्हा येते.

उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाआधी जोरात मारा, मग सोडा. सोडलेल्या त्या काही सेकंदांत रोटर थंड होतो आणि काही काम हवाही करते. लिव्हर मऊ वाटायला लागला की बाजूला घेऊन थांबा आणि थंड होऊ द्या. 'अजून दोनच वळणं राहिलीत' असं म्हणत पुढे जायचं नाही.

गाडीत टाकायला चाक काढलंत तर पॅडच्या मधे पुठ्ठ्याचा तुकडा घाला, नाहीतर चुकून लिव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात. सायकल उलटी ठेवली असेल तर निघण्याआधी लिव्हर चार-पाच वेळा दाबून बघा. रोटर पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कपडा. गंज काढायचे स्प्रे ब्रेकच्या आसपासही नकोत.

तर या वीकेंडला खरेदीच्या आधी एवढंच करा: पॅडची जाडी बघा, रोटरवरची अक्षरं वाचा आणि लिव्हर दाबून कडक आहे की मऊ ते ठरवा. काय घ्यायचं आणि काय नाही, ते तिथेच कळेल. तुमच्या सायकलवर काय निघालं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. सावकाश उतरा!