सह्याद्रीतील झुडपी बेडकांचा वंशनिर्णय

पावसाळ्याच्या आरंभी सह्याद्रीच्या माथ्यावरील झुडपांतून रात्री टिक्‌ टिक्‌ असा सुका, तुटक आवाज येऊ लागतो. तो करणारा प्राणी बहुधा अंगठ्याच्या पेराएवढाच असतो. बोटांच्या टोकांस चकत्या असलेला हा बेडूक ऱ्हॅकोफोरिडी कुलातील होय. दीर्घकाळ त्याची गणना फिलॉटस या वंशात होत असे. २०१० पासून मात्र त्याच्या बहुतेक भारतीय आप्तांचा वंश राऑर्चेस्टिस या नावाने ओळखला जातो. हे केवळ नामांतर नव्हे. वर्गीकरणात कोणत्या लक्षणावर किती भार टाकावा, हा प्रश्न त्यामागे आहे.

प्रथम नावाचा इतिहास पाहू. जावा बेटातील एका बेडकासाठी चुडी याने १८३८ मध्ये ऑर्चेस्टिस, म्हणजे ग्रीक भाषेत ‘नर्तक’, हे वंशनाम योजिले. परंतु इलिगर याने तेच नाव १७९८ मध्ये भुंगेऱ्यांच्या एका वंशास दिलेले होते. अग्रक्रमाच्या नियमानुसार बेडकाचे नाव रद्द ठरले व गिस्टेल याने १८४८ मध्ये त्याऐवजी फिलॉटस हे नाव सुचविले. मधल्या काळात ड्युमेरील व बिब्रॉन यांनी दिलेल्या इक्सॅलस या नावाचीही तीच गत झाली, कारण ते १८३७ मध्येच एका सस्तन प्राण्यास दिले गेले होते. तरीही ते नाव पुष्कळ काळ वापरात राहिले. अ‍ॅनंडेल याने कॅसलरॉक येथील बेडकाचे १९१९ मध्ये इक्सॅलस बॉम्बेएन्सिस असे नामकरण केले, हे त्याचेच उदाहरण.

जावा, श्रीलंका व सह्याद्री येथील हे बेडूक एका वंशात का गोवले गेले? लहान आकार हे एक कारण; त्याहून वजनदार कारण त्यांच्या विकासक्रमात होते. हे बेडूक पाण्यात अंडी घालीत नाहीत. पालापाचोळ्यात, ओल्या मातीत किंवा पानावर घातलेल्या अंड्यातच भ्रूणाची सर्व वाढ होते व भैकेराची मुक्त अवस्था न येता चिमुकला बेडूकच बाहेर पडतो. काही जाती तर बांबूच्या पेरातील बारीक छिद्रातून आत शिरून तेथे अंडी घालतात, आणि नर त्यांची राखण करतो. इतके असाधारण लक्षण एकदाच उद्भवले असावे, असे मानणे स्वाभाविक होते.

डीएनएच्या तौलनिक अभ्यासाने हे गृहीत टिकले नाही. भारत व श्रीलंकेतील जाती परस्परांस निकट आहेत. पण जावाकडील खरा फिलॉटस त्याच कुलाच्या दुसऱ्या शाखेवर पडतो. कुरिक्सॅलससारखे भारतीय गटाचे निकटचे आप्त भैकेरावस्थेतून जातात. त्यावरून भैकेरावस्थेचा लोप एकाहून अधिक वेळा घडला असावा, असे अनुमान निघते. वंशनाम प्ररूप जातीबरोबर जाते. फिलॉटसची प्ररूप जाती जावाची असल्याने आपल्याकडील बेडकांस ते नाव सोडावे लागले. लॉरेंट याचे १९४३ मधील स्यूडोफिलॉटस हे नाव २००९ मध्ये पुनरुज्जीवित झाले. त्यात मुख्यतः श्रीलंकेच्या जाती येतात. उरलेल्या शाखेसाठी बिजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढील वर्षी राऑर्चेस्टिस वंश स्थापिला.

या नावात चुडीचा नर्तक पुन्हा आला असून त्याच्या आधी सी. आर. नारायण राव यांचे नाव जोडलेले आहे. राव हे ‘करंट सायन्स’चे आद्य संपादक, नव्या वंशाची घोषणाही त्याच नियतकालिकात व्हावी, हा योग उचितच म्हणावा. परंतु राव यांच्या कार्याची दुसरी बाजू विषादाची आहे. त्यांनी १९३७ मध्ये दक्षिणेतील अनेक बेडकांची वर्णने प्रसिद्ध केली, पण त्यांचे प्ररूप नमुने आज उपलब्ध नाहीत. राव यांनी फिलॉटस म्हणून वर्णिलेली कोट्टिगेहार येथील जाती आता मायक्रिक्सॅलस या अगदी वेगळ्या, ओढ्याकाठच्या वंशात मोडते. (योगायोग असा की, पाय फडकावून ‘नाचणारे’ बेडूक म्हणून प्रसिद्ध आहेत ते हेच!) मूळ नमुना हाती नसला की असा निर्णय छापील वर्णनावर व मूळ स्थळावर विसंबून करावा लागतो, आणि वर्णन त्रोटक असेल तर अभ्यासकांत मतभेद अटळ ठरतो. विभागाच्या कपाटातील एक बाटली सुकली, तर पुढच्या पिढीस त्या नावाचा अर्थच संदिग्ध होतो.

राऑर्चेस्टिसच्या ज्ञात जाती आता सत्तरच्या घरात आहेत. एकट्या २०१४ मधील एका प्रबंधात सह्याद्रीतील नऊ नव्या जातींचे वर्णन आले. यांतील पुष्कळ जाती एखाद्याच डोंगररांगेपुरत्या मर्यादित असून पालघाटासारखी खिंड त्यांच्या प्रसारास अडसर ठरते. महाराष्ट्रातील अभ्यासकास तर दूर जाण्याचीही गरज नाही. आंबोलीच्या पठारावर राऑर्चेस्टिस बॉम्बेएन्सिस आढळतो आणि तेथेच, २००९ मध्ये वर्णिलेला व त्या गावाचेच नाव धारण करणारा स्यूडोफिलॉटस आंबोलीही. श्रीलंकाप्रधान वंशाचे जे थोडे प्रतिनिधी भारतात आहेत, त्यांपैकी हा एक. निव्वळ बाह्य लक्षणांवरून या दोहोंचे वंश सांगणे अनुभवी माणसासही कठीण जाते. म्हणून आता नमुन्याबरोबर नराच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण, ऊतींचा तुकडा व स्थळाची अचूक नोंद ठेवली जाते. राव यांच्या काळी यांपैकी ध्वनिमुद्रण व ऊती यांचा प्रश्नच नव्हता; स्थळाची नोंद मात्र त्यांनी ठेवली होती, व तिच्याच आधारे त्यांच्या कित्येक जातींचा शोध पुन्हा घेता आला.