घाटांतील एंजिन व त्याच्या झडपा

जुनी मोटार विकत घ्यावयाची, तिचें एंजिन पुन्हा घडवावयाचें व तें मूळच्यापेक्षां जोमदार करावयाचें, ही हौस अलीकडे घरोघरच्या तरुण मंडळींत बरीच दिसूं लागली आहे. वडील मंडळींस ती खर्चिक वाटते, व ती खर्चिक आहेच. पण पैसा कोठें जातो व कोठें जावयास पाहिजे, याचा विचार दोन्ही पक्षांकडून क्वचितच होतो. बहुतेक रक्कम कार्बुरेटर, धुराडें व रंग ह्यांवर खर्ची पडते. एंजिनाच्या माथ्यांत अहोरात्र राबणाऱ्या झडपा व त्यांचा सरंजाम ह्यांच्या वांट्यास उरलेसुरले रुपये येतात. वाईहून पसरणीच्या घाटानें पांचगणीस जाणाऱ्या गाडीच्या बाबतींत हा क्रम उलटा असावा असें आमचें मत आहे.

पांचगणी समुद्रसपाटीपासून सुमारें १३०० मीटर उंचीवर आहे, आणि पायथ्याचें वाई सुमारें ७०० मीटरवर. बारा-तेरा किलोमीटरांत गाडीस ६०० मीटर चढावें लागतें. वर हवा समुद्रकांठच्या मानानें जवळजवळ एक अष्टमांश विरळ असते, व एंजिनाची ताकदहि साधारण तितकीच घटते. ही उणीव भरून काढण्यासाठीं चालक खालच्या गिअरांत एंजिन अधिक वेगानें फिरवितो. उतरतांना तर प्रकार याहून बिकट. चढावर पेट्रोल तोडलें कीं एंजिनाची गति आंवरते, व नव्या गाड्यांत तें काम यंत्र आपण होऊन करितें. परंतु उतारावर तिसऱ्या गिअरांतून घाईनें दुसरा टाकला, तर चाकेंच एंजिनास फिरवूं लागतात. तेथें पेट्रोल तोडून कांहीं उपयोग नाहीं. झडपांची खरी परीक्षा ह्या उतारावर होते.

कॅम झडप उघडतो. ती मिटविण्याचें काम मात्र स्प्रिंगचें. मिनिटास ६००० फेऱ्या होत असतां प्रत्येक झडप सेकंदास ५० वेळां उघडते व मिटते. तिला परत खेंचण्यास लागणारा जोर गतीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ५५०० फेऱ्यांच्या जागीं ६६०० झाल्या, म्हणजे गति पंचमांशानेंच वाढली; पण जोर मात्र १.४४ पट, जवळजवळ दीडपट लागतो. स्प्रिंगला तो पुरविणें जमलें नाहीं कीं झडप कॅमचा माग सोडून अधांतरीं तरंगते, आणि खालून वर येणारा पिस्टन तिला गांठतो.

आपल्या जिल्ह्यांत एंजिनाची ओळख फार जुनी आहे. साताऱ्याच्या धनजीशा कूपर यांनीं १९२२ सालीं काढलेल्या कारखान्यांतून आधीं नांगर व पुढें ऑइल एंजिनें निघूं लागलीं. (हेच धनजीशा १९३७ सालीं कांहीं महिने मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान होते.) तशा जातीचें संथ एंजिन विहिरीवर वर्षानुवर्षें चाले, म्हणून जुनें काम मजबूत आणि नवें तकलादू असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. मिनिटास ६०० फेऱ्या करणारें एंजिन व ६००० फेऱ्या करणारें एंजिन ह्यांची तुलना करावी: झडपेचें वजन व उघडीप तीच धरली, तर दुसऱ्यांत तिच्यावर शंभरपट जोर येतो. टिकाऊपणा नुसत्या जाडीवर अवलंबून नसून वेगावर अवलंबून आहे.

हौशी लोकांच्या हातीं पुष्कळदां येणारी पद्मिनी घ्या. मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत तयार झालेल्या ह्या गाडीचें एंजिन १०८९ घनसेंटीमीटरचें. त्यांत कॅमशाफ्ट खालीं असून पुशरॉड व रॉकर ह्यांच्या द्वारें झडपा हालतात. अशा रचनेंत वजन कोठें कमी करावें ह्याचें तारतम्य पाहिजे. रॉकरच्या पलीकडे, म्हणजे झडप व तिच्या स्प्रिंगवरची टोपी येथें वाचविलेला प्रत्येक ग्रॅम मोलाचा; कारण तें टोक अधिक हालतें. अलीकडे, पुशरॉडच्या बाजूस, हलकेपणापेक्षां ताठपणा महत्त्वाचा. वांकणारा पुशरॉड लहानशा धनुष्याप्रमाणें वागतो व झडपेस भलत्याच क्षणीं ढकलतो.

स्प्रिंगविषयीं सर्वांत मोठा गैरसमज हा कीं, जितकी जाड तितकी चांगली. फाजील जोराची स्प्रिंग कॅम व टॅपेट ह्यांना खाऊन टाकते. सपाट बुडाच्या टॅपेटांस तेलांतील जस्त व फॉस्फरस यांच्या संयुगाचा आधार असतो, आणि धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणांच्या रक्षणासाठीं नव्या तेलांत तो बराच कमी केलेला आहे. म्हणून जुन्या एंजिनास तेल निवडतांना डब्यावरील मजकूर वाचावा. स्प्रिंग क्रोम-सिलिकॉन पोलादाची, बारीक गोळ्यांच्या माऱ्यानें पृष्ठभाग कणखर केलेली असावी. आंत-बाहेर दोन स्प्रिंगा घातल्यास एकीचें कंपन दुसरी शमविते. आठहि स्प्रिंगा बसविण्यापूर्वीं दाबून प्रत्येकीचा जोर मोजावा. झडप पूर्ण उघडली असतां स्प्रिंगचे वेढे एकमेकांस भिडतां कामा नयेत; सगळे मिळून मिलिमीटरभर तरी अंतर राहावें.

टोपी व तिला धरणाऱ्या दोन अर्ध्या पाचरी (मिस्त्री लोक त्यांस लॉक म्हणतात) ह्या दिसण्यांत क्षुल्लक, किंमतींत स्वस्त. त्या निसटल्या तर झडप सिलिंडरांत पडते, पिस्टन फुटतो, एंजिन जागच्या जागीं अडकूं शकतें, आणि पद्मिनीसारख्या गाडींत त्यासरशीं मागलीं चाकें थबकतात. घाटाच्या वळणावर हा प्रसंग काय असेल तें सांगावयास नको. जुन्या पाचरी पुन्हा वापरणें ही काटकसर नव्हे. टोप्या टिटॅनियमच्या घ्याव्या असें कोणी सुचवितील. शर्यतीनंतर दर वेळीं एंजिन उघडणाऱ्यांस त्या शोभतात. घरच्या गाडीस चांगलें पोलादच बरें.

आतां झडपा. बाहेर टाकणाऱ्या झडपेचें डोकें ७०० अंश सेल्सिअस व त्याहूनहि वर तापतें. तिच्यासाठीं क्रोम २१ टक्के व निकेल ४ टक्के असलेलें पोलाद वापरतात. तें लोहचुंबकास चिकटत नाहीं, आणि हीच बाजारांतील नकली माल ओळखण्याची एक सोपी खूण. चुंबक डोक्यास लावून पाहावा. दांडा निराळ्या पोलादाचा जोडलेला असूं शकतो. ह्या झडपेची सुमारें तीन चतुर्थांश उष्णता मिटलेल्या अवस्थेंत बैठकींतून निघून जाते, उरलेली गाइडमधून. म्हणून बैठक अति अरुंद करूं नये, व सैल गाइड तसाच ठेवूं नये. हिंदुस्थानांत २००० सालापासून पेट्रोलांतून शिसें गेलें. शिशाचा थर बैठकींस कवच होता. तें गेल्यावर जुन्या मऊ बैठकी झिजूं लागल्या. कठीण बैठकी बसवून घेण्याचा खर्च येथें टाळूं नये.

जुळणी करतांना पिस्टनवर मुलांची मेणमाती ठेवून माथा बसवावा, एंजिन हातानें दोन फेरे फिरवावें व माथा काढून दबलेल्या मातीची जाडी मोजावी. आंत घेणाऱ्या झडपेखालीं २ व बाहेर टाकणाऱ्या झडपेखालीं अडीच मिलिमीटर जागा असावी. हें सर्व चांगल्या कामासाठीं. पण १९८८ च्या मोटार-कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें मूळ रचनेंत वाटेल तो फेरफार करतां येत नाहीं, व १८९ व्या कलमानें सार्वजनिक रस्त्यावर शर्यत हा गुन्हा आहे. पसरणीचा घाट शर्यतीचें मैदान नव्हे, एस्.टी. व शाळेच्या मुलांच्या गाड्या तेथूनच जातात.

नवें एंजिन पांचशें किलोमीटर चालल्यावर थंड स्थितींत टॅपेटांचें अंतर मोजून घरच्या वहींत तारखेसह लिहून ठेवावें, व पुढें दर हजार किलोमीटरांस तसेंच. अंतर वाढत असेल तर कॅम किंवा टॅपेट झिजत आहे. अंतर कमी होत असेल तर झडप बैठकींत रुतत चालली आहे, आणि लवकरच ती पुरती मिटेनाशी होऊन जळूं लागेल. अशा वेळीं घाटाचा बेत पुढें ढकलून माथा उघडावा.